पोळीवर डाय तपासणारे चाचा

डब्यातली पोळी काढायची, लाकडी ठोकळ्यावर पसरायची, तिच्यावर नवी डाय ठेवायची आणि मोगरीचा एकच ठोका घालायचा. सुटून आलेला तुकडा दोन बोटांत धरून उजेडाकडे न्यायचा. कडेला एक जरी फाटका चरा दिसला तर डाय परत कानशीवर. नाही दिसला, तर चाचा तो तुकडा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बठ्ठं बराबर शे. खाई ले."

धुळ्याच्या या चाचांकडे मी पिंपळपान खाल्लंय, चांदणी खाल्लीय, चपलेचा पट्टा खाल्लाय आणि एकदा तर आख्खं घोड्याचं खोगीर खाल्लंय, लोणच्याबरोबर. त्यांचं म्हणणं साधं होतं. चामडं जाड असतं, ते बोथट धारही झाकून नेतं. मऊ पोळी मात्र लगेच फाटते आणि चुगली करते.

डाय म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. घरात करंज्या कापायचा साचा असतो ना, त्याचा हा पोलादी थोरला भाऊ. चामड्यावर ठेवून ठोकला की हव्या त्या आकाराचा तुकडा सुटतो, रापी घेऊन एकेक कापत बसावं लागत नाही. एक-दोन पाकिटं करणाऱ्याला तिची गरज नाही. मला हजार तुकडे कापायचे होते.

मी तेव्हा जळगावातली पाइपच्या कारखान्यातली नोकरी सोडून नुकताच चामड्याच्या पिशव्या शिवायला लागलो होतो. नोकरी मेहुण्याने लावून दिलेली. तो तिथे सुपरवायझर. मी सोडून आलो तेव्हा तो रागावला नाही, एवढंच म्हणाला, "तुमचं हेल्मेट खुंटीवर ठेवलंय, दाजी." हे वाक्य तो दर रविवारी जेवायला आला की भाताच्या आधी एकदा आणि भातानंतर एकदा म्हणायचा.

तशात एका सराफाने मला पहिलं मोठं काम दिलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सोनं घेतलं जातं, तर सोन्याबरोबर द्यायला कैरीच्या आकाराच्या पाचशे चामडी पिशव्या. मेहुण्याने अट घातली: हे जमलं तर तुम्ही धंदेवाले, नाही जमलं तर आखाजीनंतरच्या सोमवारपासून पहिली पाळी. बायकोने मान हलवली, पण कोणाच्या बाजूने ते आजवर कळलेलं नाही.

डाय करणारा काही मिळेना. जळगावात मुंगीच्या नाकातली नथ घडवून देतील असे कारागीर आहेत, पण चामड्याची डाय म्हटलं की ते माझ्याकडे असे बघायचे, जणू मी देव्हाऱ्यात बूट मागितला. कारखान्यातले फिटर म्हणाले, गोल पाहिजे तर आत्ता देतो. मोबाइलवर परगावचा एक जण सापडला. तो म्हणाला, शंभर डाय घेणार असाल तर बोला. शेवटी धरणगावच्या बाजारात चपला शिवणाऱ्या एका आबांनी पत्ता दिला: धुळ्याला हायवेलगत ट्रकच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगचे पट्टे, दुरुस्त करणाऱ्यांची गल्ली आहे, तिथे पोळीवाले चाचा विचारा.

चाचा लाकडाच्या वखारीतल्या करवतीचा जुना पट्टा घ्यायचे, भट्टीत लाल करायचे आणि तुमच्या कागदावरच्या रेघेवरून असा वळवायचे की पोलादालाच वाटावं, आपण जन्मतः कैरी आहोत. घाई केली की कागद परत द्यायचे. मी घाई केली. त्यांनी कागद परत दिला. मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो आणि नवा माणूस असल्यासारखा कागद पुन्हा पुढे केला. तेव्हा चाचा पहिल्यांदा हसले.

दोन दिवसांनी डाय मिळाली. पोळीची कैरी इतकी सुरेख निघाली की मी तिचा व्हिडिओ काढून सराफाला पाठवत बसलो. चाचा दरम्यान काहीतरी सांगत होते. मी हो हो म्हणत होतो.

घरी येऊन मी एका बैठकीत हजार तुकडे कापले. शेजारपाजारच्यांना वाटलं, घरात सांडग्यांचा कारखाना निघाला. मग पहिली पिशवी जुळवायला घेतली, तर ती जुळेचना. कैरीचं टोक एका अंगाला वळलेलं असतं. पुढचा आणि मागचा तुकडा पाठीला पाठ लावून शिवायचे, म्हणजे एकाचं टोक डावीकडे हवं, दुसऱ्याचं उजवीकडे. दोन्ही हात जोडले की नमस्कार होतो. दोन उजवे हात जोडून बघा. मी एक हजार उजवे हात कापले होते. चामडं संपलं होतं आणि आखाजी सहा दिवसांवर.

मी तुकड्यांचं पोतं घेऊन भांडायला धुळ्याला निघालो. मेहुणा साक्षीदार म्हणून सोबत आला. बसमध्ये तो इतका प्रेमाने वागत होता की मला हेल्मेटचा पट्टा गळ्याशी जाणवत होता. दुकानात शिरताच मी आवाज चढवला: असली कसली डाय, माझा धंदा बुडाला, वगैरे. चाचांनी दोन तुकडे हातात घेतले, पाठीला पाठ लावली. माझ्याकडे बघितलं. मेहुण्याकडे बघितलं. त्याचा चेहरा सोमवारच्या हजेरीपटासारखा उघडा होता.

"चूक मनी शे," चाचांनी ती स्वतःवर घेतली. "डाय मनाकडून उलटी झायी."

मेहुण्याने मान डोलावली. बिचाऱ्याला काय कळणार? पाइपाला डावं-उजवं नसतं. चाचांनी त्याला चहा सांगायला पाठवलं आणि तो वळताच हलक्या आवाजात मला म्हणाले, "अर्धं चामडं पालथं टाकजो, हे दोनदा सांगेल व्हतं. तुनं ध्यान कोठे व्हतं?"

माझं ध्यान व्हिडिओत होतं.

मग त्यांनी एक तुकडा पालथा केला, खरखरीत बाजू वर, आणि त्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवायला लागले. थोड्या वेळाने ते चामडं वासराच्या कानासारखं मऊ झालं. तो तुकडा मागे, चकचकीत तुकडा पुढे, आणि टोकाला टोक जुळलं. दुपारभर आम्ही तिघे घासत बसलो. मेहुणासुद्धा. त्याला वाटत होतं, म्हाताऱ्याची चूक आपण निस्तरतोय, त्यामुळे तो फारच उदारपणे घासत होता.

सराफ मखमली पाठ बघून खूश झाला. पुढच्या वर्षी त्याने दुप्पट पिशव्या मागितल्या. हेल्मेट दुसऱ्या कोणाला तरी गेलं.

मेहुणा मात्र ती गोष्ट भेटेल त्याला सांगत सुटला: धुळ्याचा एवढा मोठा कारागीर, पण आमच्या दाजींच्या कामात चुकला. ती फिरत फिरत कमानींच्या गल्लीतही पोहोचली. मला कळलं तेव्हा मी चाचांना म्हणालो, मी सगळ्यांना खरं सांगून टाकतो. त्यांनी कानस थांबवली नाही.

"राहू दे. मनं नाव जुनं शे, एक चूक पची जाई. तुनं आजून नवं शे."

आणि मीही राहू दिलं. सोयीचं होतं.

गेल्या थंडीत चाचा गेले. मी आणि मेहुणा त्यांच्या घरी जाऊन आलो, मग गल्लीत थांबलो. सगळे त्यांच्या हाताबद्दल बोलत होते. एक कमानीवाला म्हणाला, उभ्या आयुष्यात एकच डाय चुकली त्यांची, जळगावच्या पाहुण्याची. सगळे हळहळले. मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हणालो, "तीही बरोबर होती. चूक माझी होती. त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं."

मेहुण्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, कबूल. पण निदान इथे तरी थापा मारू नका."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. कमानीवाल्याने मला बसायला स्टूल दिलं, पाण्याचा ग्लास दिला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाला, "जाऊ द्या भाऊ. हजारात एखादी चुकतेच."