कुट्टीला घराबाहेर काढण्याची ऑर्डर

“राव, हे ब्लड प्रेशर तुमचं नाही.”

मी ग्राफचा कागद टेबलावरून त्यांच्यापुढे सरकवला. गोविंद राव मान खाली घालून कागदाकडे बघत राहिले. सिस्टर सेल्वीने उठून दार लोटून घेतलं. माझा आवाज चढला की तो बाहेरच्या बाकापर्यंत जातो, हे तिला अनुभवाने माहीत आहे.

मी चेन्नईत रेल्वेच्या एका दवाखान्यात डॉक्टर आहे. मूळची कराडची. तीन वर्षांसाठी म्हणून बदलीवर आले, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. माझ्याकडे जास्त करून रनिंग स्टाफ येतो, म्हणजे गाडी चालवणारे आणि गाडीबरोबर जाणारे लोक. ठरावीक मुदतीने त्यांची तपासणी होते, तिला आम्ही पीएमई म्हणतो. डोळे, कान, साखर, ब्लड प्रेशर. सगळं ठीक असेल तर फिट. नसेल तर सिक लिस्टवर घालून उपचार करायचे. तरीही जमलं नाही तर केस मेडिकल बोर्डापुढे जाते, आणि बोर्डाने नाही म्हटलं की माणूस ‘डीकॅटेगराइज’ होतो. नोकरी जात नाही. फक्त पुन्हा इंजिनात चढायचं नाही. कुठल्या तरी ऑफिसात खुर्ची मिळते. बाहेरच्या माणसाला यात फार काही वाईट वाटणार नाही. पण चौतीस वर्षं इंजिन चालवलेल्या माणसाला खुर्चीवर बसवलं की तो वर्षभरात कसा दिसायला लागतो, ते मी पाहिलंय.

राव लोको पायलट होते. वय अठ्ठावन्न, रिटायर व्हायला दोन वर्षं बाकी. तंजावरकडचे मराठी. त्यांचं बोलणं म्हणजे जुन्या कागदपत्रांतली मराठी, पण सूर पक्का तमिळ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. पुढे त्या भाषेची मला गोडी लागली, ती गोष्ट वेगळी.

पीएमईत त्यांचं ब्लड प्रेशर दीडशेवर चौऱ्याण्णव निघालं. थोडं जास्त, घाबरण्यासारखं नाही. मी नियमाप्रमाणे त्यांना सिक लिस्टवर घातलं, एक गोळी दिली, मीठ कमी करा म्हटलं आणि झोपेबद्दल विचारलं. रनिंग स्टाफची झोप आमच्याकडे फार गंभीरपणे घेतात, कारण पेंगणाऱ्या माणसाच्या मागे हजार माणसं बसलेली असतात.

“झोप बरी आहे, डॉक्टरम्मा. पण कुट्टी पहाटे चारला उठविते.”

“कुट्टी कोण? नात?”

“मांजर.” आणि राव हसले.

मी हसले नाही. मला मांजरं आवडत नाहीत. घरभर केस, दुधात तोंड, आणि वर तोरा आपणच मालक असल्याचा. मी केसपेपरवर सगळ्यांत खाली ठळक अक्षरांत लिहिलं: घरातलं मांजर काढून टाकावं. खाली सही, खाली शिक्का.

तीन आठवड्यांनी राव आले तेव्हा आकडा एकशे चौसष्टवर एकशे दोन. मी गोळी वाढवली. उतरेना. दुसरी जोडली, मग तिसरी. तरी उतरेना. माणूस मात्र उतरत चालला होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल दिसायला लागली. मला वाटलं, हे गोळ्या घेतच नाहीत. राव म्हणाले, “घेतो.” मी सेल्वीला रिकामी पाकिटं आणवून मोजायला लावली. गोळ्या बरोबर संपलेल्या होत्या.

आमचे चीफ सडेतोड माणूस. त्यांनी फोन केला.

“मॅडम, रावांची केस सोमवारी बोर्डापुढे ठेवतोय. फिट की अनफिट?”

“सर, एकदा चोवीस तासांचं मशीन लावून बघते.”

“बघा. पण सोमवारच्या आत.”

हे मशीन साधं असतं. दंडाला पट्टा, कमरेला छोटी डबी. दर वीस मिनिटांनी पट्टा आपोआप फुगतो, ब्लड प्रेशर मोजतो आणि डबीत नोंदवून ठेवतो. कित्येकांचं प्रेशर डॉक्टरला बघूनच चढतं; ते घरी काय असतं हे यातून कळतं. पेशंटने त्याबरोबर एक डायरी लिहायची, कुठल्या वेळी आपण काय करत होतो त्याची. बाकीचे लोक डायरीत ‘जेवण’, ‘टीव्ही’ असं गिचमिड लिहून आणतात. रावांनी गाडीचा लॉग लिहावा तशी लिहून आणली होती. ०५.१० उठलो. ०५.४० कॉफी. ०६.३० हॉल्ट. ०७.१५ सुटलो. संध्याकाळी पुन्हा तेच: १७.४५ हॉल्ट, १८.३० सुटलो.

ग्राफ दिवसभर एकशे साठच्या आसपास होता. पण त्या दोन हॉल्टच्या वेळी तो खाली आला होता. थोडाथोडका नाही, एकशे सव्वीसवर ब्याऐंशी. अगदी पंचविशीतल्या निरोगी मुलासारखा. आणि हॉल्ट संपला की पुन्हा वर.

आता माझं डोकं कुठे गेलं ते सांगते. आमच्या खात्यात मेडिकलच्या वेळी भलताच माणूस उभा करण्याची जुनी खोड आहे. कुणाचे डोळे अधू असले की चांगल्या डोळ्यांचा भाऊ रांगेत येतो. म्हणून तर आम्ही प्रत्येकाच्या अंगावरचा तीळ नाही तर व्रण कागदावर लिहून घेतो. इतकी वर्षं हे पाहिल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही.

“पट्टा कुणाच्या हाताला बांधलात? खरं सांगा.”

“माझ्याच.”

“आणि हॉल्ट म्हणजे काय? घरी बसलेल्या माणसाला कसला हॉल्ट?”

राव गप्प बसले म्हणून माझा संशय पक्का झाला. मी दुसऱ्यांदा मशीन लावलं. या वेळी पट्ट्याच्या कडेवर चिकटपट्टी लावली आणि अर्धी पट्टीवर, अर्धी त्यांच्या दंडावर अशी सही केली. पार्सलच्या डब्याला सील करतात तसं. सेल्वीला ते आवडलं नाही. “मॅडम, ते तसे नाहीत,” एवढंच ती तमिळमध्ये म्हणाली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी तिलाच सुनावलं, म्हणजे त्या अर्थाचं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी राव परत आले. सही जागच्या जागी. ग्राफ पहिल्यासारखाच, सकाळ-संध्याकाळ दोन खड्डे. आणि चिकटपट्टीच्या सुटलेल्या कडेला चार-पाच केस चिकटलेले होते, पिवळे आणि पांढरे.

“हे काय?”

रावांनी खिशातून माझाच जुना केसपेपर काढला. चार घड्या घालून जपून ठेवलेला. माझ्या ठळक अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं.

“तुम्हीं लिहून दिल्हंत, घरातून काढा. त्याच दिवशी काढिलं. खालच्या मजल्यावरच्या पंकजम मामींच्या घरी ठेविलं. मामींच्या घराविषयी ऑर्डर नाही, डॉक्टरम्मा. सकाळ-संध्याकाळ मी तिथे बसून येतो. ऑर्डर मोडली नाही.”

“आधी का नाही सांगितलं?”

“तिथूनही काढवाल म्हणून भ्यालो.”

सेल्वी खिडकीकडे बघत होती. मी पहिल्यांदाच नीट चौकशी केली. बायको आठ महिन्यांपासून परदेशात, मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेली, आणि बाळासाठी राहिलेली. घरात राव एकटे. ड्यूटीवर होते तेव्हा निदान गाडी होती. मी सिक लिस्टवर घातलं तेव्हा गाडी गेली, आणि त्याच कागदावर मांजरही गेलं.

“आता पहाटे चारला कोण उठवतं?”

“कोणी नाही. आपोआप जाग येते. पूर्वी कुट्टीला दूध घालून परत झोप लागायची. आता लागत नाही.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. झोप सुधारावी म्हणून मी जे काढलं, त्याच्याबरोबर झोपही गेली.

तरी ग्राफवर माझा विश्वास बसेना. म्हणजे बसत होता, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोर्डापुढे काय बोलणार? त्याच संध्याकाळी मी हाताने फुगवायचं बीपीचं मशीन आणि स्टेथोस्कोप पिशवीत घालून वेस्ट मांबलमला गेले. स्टेशनपासून दोन गल्ल्या आत, तीन मजल्यांची जुनी बिल्डिंग. पंकजम मामी तळमजल्यावर. सत्तरीच्या, नाकात दोन्हीकडे चमक्या. “या, या, कॉफी घेणार ना?” असं तमिळमध्ये म्हणत त्यांनी जाळीच्या व्हरांड्यात माझ्यासाठी खुर्ची टाकली. मी पाय वर घेऊन बसले, कारण मांजर कुठून येईल सांगता येत नव्हतं.

राव वेताच्या खुर्चीत बसले. मी पट्टा बांधला. एकशे बासष्टवर शंभर.

मग ती आली. कुट्टी म्हणजे तमिळमध्ये पिल्लू. हे पिल्लू चांगलं पाच-सहा किलोचं होतं, पिवळंपांढरं, एका कानाचा तुकडा उडालेला. माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. रावांच्या मांडीवर चढली, दोन वेळा गोल फिरली, आणि पट्टा बांधलेल्या हाताच्या कोपरावर डोकं टेकून लवंडली. रावांनी दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. पुढे ते हललेच नाहीत. मांडीवर मांजर झोपलं की माणसाला हलता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी दहा मिनिटांनी मोजलं. एकशे अठ्ठेचाळीसवर ब्याण्णव. माझं चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. तेवढंच. वीस मिनिटांनी एकशे छत्तीसवर शहाऐंशी. मामी कॉफी घेऊन आल्या, त्यांनी पेला माझ्या हातात दिला, तो मी तसाच धरून बसले.

पस्तिसाव्या मिनिटाला एकशे सव्वीसवर ऐंशी. कानात स्टेथोस्कोप होता. नाडीचे ठोके सावकाश, एकसारखे पडत होते, आणि त्यांच्या मागून एक घरघर येत होती, घरी पहाटे जातं फिरल्यासारखी. ती मांजराची होती. हाताच्या हाडातून माझ्या कानापर्यंत पोचत होती. राव डोळे मिटून बसले होते. गेल्या दोन महिन्यांत त्यांचा असा चेहरा मी पाहिलाच नव्हता. मी तीन गोळ्या देऊन जे करू शकले नव्हते ते माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच मशीनवर, एक कान फाटलेलं मांजर झोपेत करत होतं. मला भरून आलं. डॉक्टरने पेशंटच्या घरी असं काही दाखवू नये म्हणून मी कॉफी प्यायले. ती गार झाली होती.

“राव, हिला आजच वर घेऊन जा.”

राव डोळे उघडून म्हणाले, “लिहून द्या.”

“अहो, मी सांगतेय ना.”

“डॉक्टरम्मा, लेखी ऑर्डर तोंडी रद्द होत नाही. सिग्नल बंद असला आणि लेखी अधिकार हाती नसला, तर स्टेशन मास्तर तोंडाने कितीही जा म्हणो, मी गाडी नेत नाही.”

मामी हसू लागल्या. मला मात्र हसू येईना. या माणसाने दोन महिने घरातली एकमेव सोबत खालच्या मजल्यावर ठेवली होती, कारण माझी सही तिच्या विरोधात होती. मी पिशवीतून लेटरहेड काढलं आणि लिहिलं: मांजराबाबतचा आधीचा सल्ला चुकीचा होता, तो रद्द. मांजर घरात ठेवावं. खाली सही. शिक्का दवाखान्यात होता, तो दुसऱ्या दिवशी मारून देईन असं कबूल केलं, तेव्हा राव उठले. कुट्टीला दोन्ही हातांत घेऊन जिना चढून गेले.

सकाळी चीफना फोन केला.

“सर, रावांना बोर्डाआधी पंधरा दिवस हवेत.”

“कारण?”

“मांजर.”

मग मी सगळं सांगितलं, माझ्या कागदासकट.

“फाईलवर काय लिहू मी?”

“लिहा, उपचारात बदल.”

“पंधरा दिवस. सोळावा नाही.”

पंधराव्या दिवशी पुन्हा चोवीस तासांचं मशीन लावलं. चिकटपट्टी नाही, सही नाही. दिवसभराची सरासरी एकशे तीसवर ब्याऐंशी. खड्डे दिसत नव्हते, कारण सगळीच जमीन खाली आली होती. शेवटी जोडलेली गोळी मी बंद केली. बाकीच्या चालू ठेवल्या. मांजर पाळा आणि गोळ्या फेकून द्या, असं मी कुणाला सांगणार नाही, आणि कुणी माझ्या नावावर सांगू नये. पण त्याच गोळ्या दोन महिने वाया जात होत्या आणि आता लागू पडत होत्या, हेही तितकंच खरं. हे नेमकं कसं झालं, ते मला पूर्ण कळलंय असं मी म्हणत नाही.

बोर्डाने पाच मिनिटांत रावांना फिट केलं. त्याच आठवड्यात ते गाडी घेऊन गेले. ड्यूटीवर असतात तेव्हा कुट्टी मामींकडे राहते.

कुठलीही गोळी एकदम बंद करताना दहादा विचार करायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं. रावांची एक पिवळीपांढरी गोळी मी पहिल्याच दिवशी एका ओळीत बंद केली, कारण ती औषधांच्या यादीत कुठे लिहिलेली नव्हती.