शेवटपर्यंत बघितलंस?

चेकिंगकाकांना कुणी "हे बघाच" म्हणून काही सुचवलं, की ते आधी सुचवणाऱ्याकडेच बघत. चांगलं निरखून. काही केलेलं नसतानाही आपली चोरी पकडली गेलीय असं वाटे.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या जीन्सच्या कारखान्यात चेकिंगच्या कामात त्यांची हयात गेली. तयार पॅन्ट उलटी करून शिलाई तपासायची. चांगली असेल तर पास, नाहीतर परत. निवृत्त झाले तरी हाताची सवय गेली नाही. बोलता बोलता माझ्या ओढणीचा सुटलेला दोरा खुशाल तोडून टाकत. रविवारी सकाळी अंबरनाथच्या आमच्या बिल्डिंगखाली खुर्च्या मांडून आम्ही नवीन काय बघितलं, ऐकलं, वाचलं ते एकमेकांना सांगायचो. काकांचे दोनच प्रश्न असत. स्वतः बघितलंस की कुणी सांगितलं? आणि शेवटपर्यंत?

त्यातून सख्खी मुलगीही सुटली नाही. सुजाताने एका मालिकेचं कौतुक केलं, तर तिसऱ्या भागात काय होतं ते सांग म्हणाले. तिला आठवेना. "सगळे बोलतात म्हणून तू पण बोलतेस काय? माल उलटा करून बघितल्याशिवाय पास नाय बोलायचं."

मला राग यायचा. माणसाने इतकं संशयी असावं? एकदा मी मुद्दाम ठसक्यात एका कादंबरीचं नाव घेतलं. शेवट वाचून रडू आलं, असंही ठोकून दिलं. खरं तर मी पन्नासेक पानं वाचली होती. रडू आल्याचं कुणीतरी मोबाइलवर लिहिलं होतं. काकांनी पुस्तक मागून नेलं आणि चार दिवसांनी जिन्यात गाठून परत दिलं.

"पान एकशे शहात्तरनंतर परत एकशे एकसष्ट येतं, आणि पुस्तक खलास. शेवट बांधलेलाच नाय याच्यात. तू कुठला वाचलास?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, पण पुढच्या रविवारपासून मला प्रश्न विचारणं बंद केलं. मी काही सुचवलं की मान हलवून ते शेजारच्याकडे वळत. ते फार लागलं. दोन वर्षं मी प्रत्येक पुस्तक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, त्यांनी एकदा तरी विचारावं म्हणून. त्यांनी विचारलं नाही.

मग त्यांची नजर गेली आणि सुजाता त्यांना बदलापूरला घेऊन गेली. वाचणं, बघणं संपलं. ऐकणं तेवढं उरलं. मी तिला एक चौदा भागांची श्राव्य मालिका कळवली. माझे बारा भाग झाले होते, पण इतकी आवडली होती की धीर निघेना. तिने सांगितलं, कुणी पाठवलंय ते पप्पांनी विचारलं, आणि माझं नाव ऐकून म्हणाले, "मग लाव." त्या दिवशी मी घरभर नाचायची बाकी होते. उरलेले दोन भाग त्या आठवड्यात ऐकायचे होते. राहून गेले.

पुढच्या महिन्यात काका गेले. मी बदलापूरला भेटायला गेले तेव्हा सुजाताने सांगितलं की पप्पांनी पडल्या पडल्या चौदाही भाग ऐकले, आणि संपल्यावर हसले.

"बोलले, शेवट बेकार आहे. तिने ऐकलेला नाय. ऐकला असता तर मला पाठवलाच नसता." मग म्हणाली, "तुला सांगू नको, असं पण बोलले होते."

घरी येऊन मी ते दोन भाग लावले. शेवट खरोखरच टाकाऊ होता. मी तो पूर्ण ऐकला, आणि रडले.