रिकामी जागा म्हणजे नाही

माझ्या मामेबहिणीचं ठरत आलेलं लग्न माझ्यामुळे मोडता मोडता राहिलं. आमच्याकडे कुठल्याही लग्नकार्यात जेवणं आटोपली की हा किस्सा हटकून निघतो आणि सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. पण किस्सा सांगणारे जे गाळतात ते मला ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकाचे शेवटचे दिवस. मी वर्ध्यात एका क्लासमध्ये कम्प्युटर शिकवत होते आणि पाय जरा जमिनीच्या वरच होते. आमच्या व्यापारी समाजाचं मंडळ उपवर मुलामुलींची पुस्तिका काढायचं. सगळी माहिती जाड कार्डांवर लिहून बिस्किटांच्या डब्यांत ठेवलेली असे. कार्डं वाढली, डबे पुरेनात, तेव्हा मंडळाच्या सचिवांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, हे सारं तुह्या मशीनमंदी टाक," ते म्हणाले. "फक्त एक ध्यान ठेवजो. दुसऱ्या लग्नाची कार्डं पयल्यात मिसळू देऊ नको."

विधवा, विधुर, घटस्फोटित यांचा डबा निराळा होता आणि पुस्तिकेतला विभागही निराळा.

मी मोठ्या थाटात तक्ता आखला. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, गाव, मंगळ. ते दोन विभाग आपोआप वेगळे निघावेत म्हणून एक रकाना केला, 'प्रथम विवाह', हो किंवा नाही. फॉक्सप्रो या माहिती साठवायच्या प्रोग्रॅममध्ये अशा रकान्यात दोनच उत्तरं मावतात, आणि तुम्ही काहीच भरलं नाही तर तो स्वतःहून 'नाही' धरतो. हे मी वर्गात पोरांना घोकून घ्यायची. पिनकोडचे आकडे पुरे आहेत का, हे तपासायची सोयसुद्धा मी केली होती. 'उत्तर दिलेलं नाही' यासाठी मात्र जागा ठेवली नाही, कारण इतका सोपा प्रश्न कोणी कोरा सोडेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्याच तक्त्याचे फॉर्म छापून मंडळानं घरोघर भरायला दिले. मुलांच्या बापांनी बिनदिक्कत 'हो'वर खूण केली. मुलींच्या काही बापांना मात्र तो प्रश्नच झोंबला. लग्नाच्या पोरीचं हे पहिलंच लग्न का, असं तिच्या बापाला विचारायचं म्हणजे काय! त्यांनी ती जागा तशीच सोडली. त्यात माझे मामाजी होते. सिंदीला त्यांचं किराणा दुकान, आणि ताई त्यांची एकुलती एक मुलगी.

मामाजींचा फॉर्म मीच मशीनमध्ये भरला. ताईच्या हळदीला कोणती साडी नेसायची हे मनात ठरवून बसलेली मी. हात चालत होते, डोकं चालत नव्हतं. त्या रकान्यावर एंटर मारलं आणि पुढे गेले.

पुस्तिका छापून गावोगाव जाईपर्यंत ताईला आष्टीचं स्थळ चालून आलं होतं. मुलाला ताई पसंत होती, ताईला मुलगा पसंत होता, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी काढायची होती. आणि अशात पुस्तिकेत ताई निघाली दुसऱ्या लग्नाच्या विभागात. आष्टीहून निरोप आला, "घाई नाई, पाहू." हे 'पाहू' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. इकडे सिंदीत गिऱ्हाईकं साखर मोजून घेता घेता मामाजींना विचारू लागली, "काऊन जी, पोरीचं पयलं लग्न कुठं झालतं?"

मंडळानं वर्ध्याला सभा बोलावली. ताईसारख्या आणखी दोघीतिघी होत्या, त्यांचेही बाप आले होते, पण बोभाटा झाला होता तो ताईचा. सचिवांनी मला उभं केलं आणि विचारलं, "बाई, हे कसं झालं?"

मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, की चुकलं माझं. तोंडातून निघालं ते दुसरंच. मी म्हणाले, "फॉर्ममध्ये ती जागा रिकामी होती. रिकामी जागा म्हणजे नाही. कम्प्युटर आपल्या मनानं काही करत नाही."

शब्द न् शब्द खरा होता. त्याचाच मला राग येतो. खोटं बोलले असते तर पकडली तरी गेले असते. त्या काळी कम्प्युटरचं नाव काढलं की भलेभले गप्प बसत. सगळ्यांच्या माना वळल्या मामाजींकडे.

"का जी, जागा सोडली काऊन?" कोणीतरी विचारलं.

"कुवार पोरगी हाये," मामाजी उठून म्हणाले, "तिचं काय लिहाचं... मले वाटलं, हे तं..." मागे कोणीतरी खुसकन हसलं. मामाजी थांबले. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "चुकलं माह्यं." आणि खाली बसले.

मी बोलले नाही. बोलायला हवं होतं, वेळही होता, पण मला सुटल्यासारखं वाटत होतं.

मशीनमधलं 'नाही' खोडून 'हो' करायला मला काहीच वेळ लागला नाही. मंडळानं दुरुस्तीची चिठ्ठी छापून घरोघर पाठवली, तर ज्यांनी पुस्तिका उघडलीही नव्हती त्यांनी ती मुद्दाम उघडून पाहिली. शेवटी ताईच मामीला घेऊन एस.टी.नं आष्टीला गेली, त्या घरच्या ओसरीवर बसली आणि म्हणाली, "मी पयल्यांदाच लग्न करून राह्यली. विचाराचं असन तं मलेच विचारा." मुलाच्या आईला ते इतकं आवडलं की तिनं तिथल्या तिथं तारीख काढली. लग्न झालं. किस्सा इथं संपतो आणि लोक हसतात.

पुढे मंडळाची माहिती नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायची वेळ आली, तेव्हा मी त्या रकान्यात तिसरा पर्याय घातला, 'उत्तर नाही'. कोरी जागा कोरीच राहील अशी व्यवस्था केली. सभेत माझा सत्कार झाला, नारळ मिळाला. मामाजी त्या सभेला आले नव्हते.

ते कुठंच येत नसत, हे ताईनं मला माहेरपणाला आली असताना सांगितलं. आधी दुकानात बसून ते अर्ध्या गल्लीचे फॉर्म भरून देत, मनीऑर्डरचे, बँकेचे, रेशनकार्डाचे. त्या सभेनंतर त्यांनी कुणाच्या कागदाला हात लावला नव्हता. "माह्यानं चुका होतेत, मास्तरकडून भरून घ्या," म्हणत. ताईच्या बाळाच्या जन्मनोंदीचा कागदसुद्धा त्यांनी जावयाकडे सरकवला होता.

"माह्यं बरं झालं," ताई म्हणाली. "माह्यं काहीच गेलं नाई. बाबाले मात्र तू चारचौघात पाडलं." ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर मला परवडलं असतं.

मी दुसऱ्याच दिवशी सिंदी गाठली. मामाजी गल्ल्यावर होते, थकलेले, पण मला पाहून खुलले. मी स्टुलावर बसले आणि सगळं बोलून टाकलं. चूक फॉर्मची नव्हती, रकाना मी चुकीचा आखला होता, तुम्ही जागा सोडली ते बरोबरच होतं, कोणताही बाप सोडेल, आणि सभेत मी तुम्हाला पुढे केलं ते स्वतःची कातडी वाचवायला. बोलताना मला रडू आलं.

मामाजींनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. ते पुढे वाकले आणि आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "मंडळात कोनी बोललं का तुले? घाबरू नको पोरी. माह्यं नाव सांगजो. म्हनजो, मामाजीचीच चूक होती."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा मान हलवली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मामीला चहा टाकायला सांगितलं.