सिग्नल फुल, तरी डॉक्टरांना बाळ दिसेना

मित्रांनो, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात एका आरोग्य केंद्रात वायफाय बसवायचं काम माझ्याकडे होतं. नागपूरचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर पेशंट तपासणार होते. कॉलसाठी वेगळी लाइन ठेवा, असं मी आराखड्यात लिहिलं होतं. आमचे साहेब म्हणाले, "सिग्नल फुल आहे ना? बस झालं." पटलं नव्हतं, तरी मी सही केली.

आज उद्घाटन होतं. झाडून सगळे पाहुणे त्याच वायफायवरून कार्यक्रम लाइव्ह दाखवत होते. पहिली पेशंट सात महिन्यांची मुलगी, धाप लागलेली. डॉक्टर म्हणाले, "छाती कशी हलते ते दाखवा." तेवढ्यात चित्र अडकलं.

"काऊन थांबलं जी?" तिच्या आईने मला विचारलं. "डॉक्टरले माही पोरगी दिसून नाही राहिली का?"

मी माइकवरून हात जोडून सांगितलं, "थोडा वेळ वायफाय बंद करा." कोणीच ऐकलं नाही. शेवटी मी पासवर्डच बदलून टाकला. सगळ्यांचं लाइव्ह तुटलं अन् चित्र सुरू झालं. डॉक्टरांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता गोंदियाला हलवा." तोवर वीस मिनिटं वाया गेली होती.

आता पोरीला ऑक्सिजन लावलाय, असं सोबत गेलेल्या नर्सताईंनी कळवलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. वाटलं, पोरीची चौकशी करतील. त्यांनी विचारलं, "लाइव्ह कोणी तोडलं?"

"मी," म्हटलं आणि फोन ठेवला.

तुमच्या गावातही असं केंद्र सुरू झालं असेल. तिथला पेशंट डॉक्टरांना खरंच दिसतो का, कोणी जाऊन पाहिलंय?