दोन नंबरचा पाचोळा

उमाकांत टेकाडे चाळीस वर्षं जयपुरात राहिले आणि चाळीस वर्षांत त्यांना हिंदी आली नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. माणूस मृदाशास्त्राचा प्राध्यापक, चिमूटभर माती बोटांत चोळून तिच्यात वाळू किती नि चिकणमाती किती ते सांगणारा. पण भाजीवाल्यासमोर उभा राहिला की भंडाऱ्याचं मराठी बोलायचा आणि शेवटी 'है' चिकटवायचा. कॉपी करताना सापडलेल्या एका मुलाला घेऊन ते प्राचार्यांकडे गेले आणि गरजले, "इसको शिक्षा मिलनी चाहिए!" प्राचार्य म्हणाले, "बिलकुल टेकाडेजी, इसीलिए तो कॉलेज खोला है." हा किस्सा मला त्यांच्या बायकोनं, विनयाकाकूंनी सांगितला, आणि सांगताना त्या इतक्या हसल्या की बशीत चहा सांडला.

मी विमा कंपनीच्या बदलीवर चार वर्षांपूर्वी कोल्हापूरहून आले. राजा पार्कच्या आतल्या गल्लीत टेकाडे तळमजल्यावर, मी वर. पहिलं वर्षभर काकू होत्या. त्या इंदूरच्या, हिंदी त्यांच्या जिभेवर लोण्यासारखी. काका फोनवर बोलायला लागले की काकू हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसायच्या. "झाड नाही हो. पेड़. पेड़ म्हणा." काका चिडायचे. "आम्ही झाडीपट्टीतले लोक. झाडाले झाड नाही म्हणायचं तं काय म्हणायचं?" पण लगेच फोनमध्ये "पेड़, पेड़" करायचे.

मग काकू आठ दिवसांच्या तापात गेल्या. मुलगा निनाद कॅनडाहून आला, पंधरा दिवस राहिला आणि परत गेला. आता दर रविवारी फोन करतो. त्याचं मराठी दोन वाक्यांनंतर दमतं, मग तो इंग्रजीत बोलतो आणि काका "हो, हो" म्हणत राहतात.

त्यानंतर मी ऑफिसातून आले की काका फाटकाशी उभे असायचे. पाण्याची टाकी बघतोय, मीटर बघतोय, असं काहीतरी कारण असायचं. मीटर दिवसातून किती वेळा बघणार? दिवसभरात कोणाशी मराठीत एक शब्द बोलणं झालेलं नसायचं, म्हणून ते उभे असायचे. मला त्यांची दया यायची आणि स्वतःच्या दयेची चीड यायची. थकलेली असले की मी "येते काका" म्हणून सरळ जिना चढायचे. आज ते आठवलं की लाज वाटते.

त्यांच्याकडे एकच गोष्ट उरली होती. जयपूरबाहेर बस्सीच्या पलीकडे एक टेकडी आहे, गावानं राखलेलं धोकाचं रान. धोक हे इकडचं डोंगरातलं झाड. थंडीत त्याची पानं तांब्याच्या रंगाची होतात आणि फाल्गुनापर्यंत सगळी गळून जातात. गाव दरवर्षी ती पानं झाडून काढायचं, वणवा लागू नये म्हणून आणि गोठ्यात अंथरायला म्हणूनही. काकांचं म्हणणं, पानं नेता म्हणजे मातीच्या तोंडचा घास काढून नेता. वणव्यासाठी कडेनं एक पट्टा झाडा, बाकीचं राहू द्या. गावकरी म्हणाले, दाखवा. म्हणून काकांनी टेकडीच्या उतारावर दगडी बांध घालून सारख्या मापाचे दोन तुकडे आखले. एक नंबर दरवर्षी गावासारखाच झाडायचा. दोन नंबरमधलं एकही पान उचलायचं नाही. वीस वर्षं. विसाव्या वर्षीचं मोजमाप घेऊन होळीनंतर गावाच्या बैठकीत जायचं ठरलं होतं.

या दोन तुकड्यांची एक जाडजूड वही होती. तिच्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा. 'एक नंबरात पाणी थांबत नाही. कारण: वरची माती घट्ट.' 'दोन नंबरात शेळ्या शिरल्या. कारण: बांध पडला.' काका शेऱ्यात दोन ओळींच्या पुढे कधी गेले नाहीत. काकू गेल्यानंतरची पहिली नोंद मी बघितली होती: 'दोन महिने नोंद नाही. कारण: घरगुती.' मला इतका राग आला की मी वही मिटून टेबलावर आपटली. घरगुती! जणू नळ गळत होता.

गेल्या पौषात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने घरीच. टेकडीवर राखण करायला कजोडजी होते, गावातलेच, साठीचे, गेली वीस वर्षं काकांच्या सोबतीला. माघातल्या एका दुपारी मी पिठलं द्यायला खाली गेले तेव्हा काकांचा त्यांच्याशी फोन चालू होता. दोन नंबरच्या पडलेल्या बांधाशी काटेरी रोपं लावायची होती, शेळ्या येऊ नयेत म्हणून.

"कजोडजी, ये बार आखरी है. बीस साल पूरे. मैं होली के पहले आता हूँ. दो नंबर को झाड लगाओ. अच्छे से लगाओ."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हाँ हाँ, दो नंबर कोच. झाड लगाओ."

मी तिथेच उभी होते. माझ्याही कानाला काही खटकलं नाही. झाड लावा म्हणतायत, एवढंच मला कळलं. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर मी पिठल्याचा डबा ठेवला.

होळीच्या आधीच्या शनिवारी मी काकांना गाडीत घालून निघाले. घाटाचा बोगदा ओलांडून आग्रा रोडला लागलो तसे काका खुलले. वही मांडीवर, पिशवीत खुरपं, तराजू आणि कापडी थैल्या. थैल्यांवरची अक्षरं काकूंची. वीस वर्षांच्या थैल्या त्यांनी सुरुवातीलाच शिवून, नंबर घालून ठेवल्या होत्या. "वीस कशाला, म्हटलं होतं मी. दहा शिव आधी," काका म्हणाले. "तं म्हणे, तुम्ही सोडणारे थोडेच आहात."

टेकडीच्या पायथ्याशी कजोडजी पांढरं धोतर नेसून, स्वच्छ फेटा बांधून उभे होते. "पधारो साब," ते म्हणाले आणि काकांचा हात धरून त्यांनी त्यांना हळूहळू वर नेलं. चेहरा असा, की पाहुण्यांना सजवलेलं घर दाखवायचं आहे.

दोन नंबर लख्ख झाडलेला होता.

एक पान नव्हतं. मातीवर खराट्याच्या काड्यांच्या रेघा दिसत होत्या. गेल्या पावसात उगवलेली बोटभर उंचीची धोकाची रोपंही खराट्याबरोबर गेली होती. बांधाबाहेर कमरेएवढा पाचोळ्याचा ढीग होता.

"तीन दिन लगे साब," कजोडजी म्हणाले. "मैंने पूछा भी था, दो नंबर में? आपने कहा, हाँ, झाड़ू लगाओ. मैंने सोचा बीस साल पूरे हुए, अब सफाई होगी."

मला आधी कळलंच नाही. मग ती दुपार आठवली, तो फोन आठवला. झाड आणि झाड़ू. काकूंनी पहिल्याच शब्दाला टोकलं असतं.

काकांच्या तोंडाकडे बघून कजोडजींनाही समजलं. "गलत हो गया, साब?" असं म्हणत ते ढिगाकडे धावले आणि कवेत भरून पानं परत आत आणायला लागले. मीही पदर खोचला. "काका, पसरून टाकू. तासाभराचं काम आहे. कोणाला कळणार आहे?"

"मले कळंल ना," काका म्हणाले.

"अहो, वीस वर्षं आहेत! एका शब्दापायी सगळं—"

"खालचा थर सडलेला, वरचा कोरा. कुठलं पान कुठं होतं, ते सांगशील तू?" मग ते कजोडजींकडे वळले आणि त्यांच्या हातातली पानं आपल्या हातात घेतली. "रहने दो. आपकी गलती नहीं. मेरे को पेड़ बोलना था."

पेड़ हा शब्द त्यांनी अगदी नीट उच्चारला. तिथे मला रडू आलं. तीन वर्षांत या माणसासाठी मी रडले नव्हते.

त्यांनी मोजमाप केलंच. आधी एक नंबरात खुरपं मारलं. ते टणकन वाजलं, आणि वर आली फिकट, ढेकळाची माती. मग दोन नंबरात. तिथे खुरपं मुकाट आत गेलं. वरची साय खराट्यानं ओढून नेली होती, पण खाली चार बोटं माती काळसर, ओलसर होती, फाल्गुनाच्या उन्हातही. काकांनी ती हुंगली आणि माझ्या हातावर ठेवली. कजोडजींनीही चिमूटभर घेऊन चोळली, एक नंबरची दुसऱ्या हातात घेतली आणि दोन्ही हात कितीतरी वेळ बघत राहिले. "बैठक में ये मैं बोलूँगा, साब," ते म्हणाले. "और झाड़ूवाली बात भी मैं ही बोलूँगा." काका हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

थैली भरून झाली, काकूंच्या अक्षरातल्या '२०' ची गाठ मारून झाली. मग काका बांधावर टेकले, दुखरा पाय लांब केला आणि वही उघडली. पाचोळ्याच्या वजनाच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ ओढली. शेऱ्याशी पेन थांबलं. मला वाटलं, लिहितील: गैरसमज. किंवा भाषा. किंवा पुन्हा ते मेलं घरगुती. त्यांनी लिहायला बराच वेळ लावला आणि वही माझ्याकडे सरकवली. शुद्धलेखन बघ, म्हणाले. तेही काम काकूंचंच होतं.

'दोन नंबर झाडला गेला. कारण: विनया नाही.'

मी म्हटलं, "बरोबर आहे, काका."