तात्या वकील आणि तीन प्रतिवादी

तात्या वकील घरात कोर्टातली मराठी बोलत आणि कोर्टात घरातली. दुपारी बारामतीच्या कोर्टातून आले की पाटावर बसून बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, सांगत, "प्रस्तुत इसमास भूक लागलेली आहे." काकी चुलीपुढून म्हणत, "भाकरी व्हायची हाय अजून." मग "सुनावणी तहकूब" असे म्हणून तात्या उठत आणि ओट्यावर जाऊन बसत. यात काही विनोद आहे असे काकींना कधी वाटले नाही. तात्यांनाही वाटत नसावे.

कोर्टात मात्र ते साक्षीदाराला विचारत, "आबा, तुमी तवा कुठं बगत व्हता?" एकदा जज्जसाहेबांनी त्यांना भाषेवरून हटकले. तात्या म्हणाले, "साहेब, शुद्ध भाषेत विचारलं की माणूस विचार करून उत्तर देतो. मला तसलं उत्तर नको असतं." जज्जसाहेबांनी पुन्हा हटकले नाही.

पन्नास सालानंतरची ती वर्षे. मी नवी सनद घेऊन तात्यांच्या हाताखाली आलो होतो आणि आपल्याला कायदा येतो अशा समजुतीत होतो. त्याच हिवाळ्यात अंथुर्ण्याजवळ तीन गाड्यांची धडक झाली. कालव्याच्या कडेने सकाळी दाट धुके असे. उसाने भरलेला एक ट्रक चाक पंक्चर होऊन रस्त्यातच उभा होता. मागे दिवा नाही, दगड नाही, झाडाची फांदीसुद्धा नाही. इंदापूरहून प्रवाशांनी भरून आलेली सर्व्हिस मोटार त्याला चुकवायला उजवीकडे वळली. समोरून इंदापूरच्या एका कंत्राटदाराची जीप रस्ता स्वतःचाच असल्यासारखी मधून येत होती. जीप मोटारीवर आदळली आणि मोटार ट्रकवर.

लोकांना खरचटले, कुणाचा हात मोडला. पण खिडकीशी बसलेल्या पारूबाईचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. ती अंथुर्ण्याची. नवरा-बायको कालव्याच्या पाण्यावर वांगी-गवार करत आणि ती बारामतीच्या बाजारात विकायला आणी. पोलिसांनी खटला भरला तो एकट्या मोटारीच्या ड्रायव्हरवर, कारण पळून न गेलेला तो एकटाच होता.

पारूबाईला तिच्या नवऱ्याने बैलगाडीतून तात्यांकडे आणले. मी तिला भरपाईचा कायदा समजावून सांगू लागलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि तात्यांकडे वळून म्हणाली, "मला कुनाला तुरुंगात घालायचं न्हाय. पन ज्याला इचारावं त्यो दुसऱ्याकडं बोट दावतोय. माजा पाय आपसूक गेला का? कुनीतरी म्हनाया पायजे, आमी घेतला म्हून."

"म्हणतील," तात्या म्हणाले.

एका धुक्याच्या सकाळी तात्या मला त्या जागेवर घेऊन गेले. ट्रक उभा होता तिथे मला रस्त्यात उभे केले आणि स्वतः इंदापूरच्या अंगाला चालत गेले. थोड्या वेळाने धुक्यातून आवाज आला, "मी दिसतो का?"

"नाही," मी ओरडलो. "मी तुम्हाला दिसतो का?"

"तुला काय वाटतं?"

"मला इथून कसं कळणार?"

"बरोबर. ट्रकवाल्यालाही कळलं नव्हतं."

एवढ्यात एक दूधवाला सायकलवरून आला आणि माझ्यावर आदळता आदळता वाचला. त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या तात्यांनी शांतपणे ऐकल्या आणि धुके किती असते हे सांगायला त्यालाच साक्षीला बोलावले.

अडचण पुढेच होती. ट्रक विश्वासरावांचा होता आणि विश्वासराव म्हणजे काकींचे सख्खे धाकटे भाऊ. मी सुचवले, कंत्राटदार आणि मोटारीचा मालक हे दोघे पुरेत, ट्रक वगळू. तात्या म्हणाले, "जो कोर्टात नसतो त्याच्यावर सगळं ढकलता येतं. ट्रक वगळला की बाकीचे दोघे सांगतील, सगळं ट्रकनंच केलं. मग बाईनं कुठं जायचं?"

विश्वासरावांना नोटीस मिळाली त्या संध्याकाळी ते येऊन ओट्याखालीच उभे राहिले. "दाजी, माझ्यावर?"

"तुझ्यावर. चांगला वकील कर."

त्यांनी केला. त्या वर्षी भाऊबिजेला काकींनी ताट तयार करून ठेवले आणि कुणी आले नाही. त्यानंतर काकी तात्यांना वेळेवर जेवायला वाढत, पण बोलत नसत. भाकरी झाल्याचे त्या मला सांगत, मी ते तात्यांना सांगत असे. पानात काय आहे हे दोघांनाही दिसत होते.

भरपाईचा दावा चालला. तीन प्रतिवादी, तीन वकील. जीपच्या वकिलाने ट्रकला दिवा नव्हता आणि मोटार उजवीकडे आली हे शाबीत केले. मोटारीच्या वकिलाने जीपचा वेग आणि ट्रकला नसलेला तोच दिवा पुढे केला. विश्वासरावांच्या वकिलाने जीप रस्त्याच्या मधून होती आणि मोटारीचे ब्रेक धड नव्हते हे मेकॅनिकच्या तोंडून वदवून घेतले. तात्यांनी दूधवाल्याची, पारूबाईची आणि डॉक्टरांची साक्ष काढली आणि गप्प बसले. मी बाजूने चिठ्ठ्या सरकवत होतो. ते त्या न वाचता कोटाच्या खिशात घालत होते.

शेवटी बोलायला उठले ते त्या दिवशी चक्क शुद्ध भाषेत. "साहेब, तिन्ही विद्वान वकील खरे बोलले आहेत. प्रत्येकाने बाकीच्या दोघांचा दोष दाखवला आणि तो चांगला दाखवला. मला त्यात भर घालायची नाही. माझी पक्षकार खिडकीशी बसली होती, तिचा दोष कुणालाच सापडलेला नाही. कुणाचा वाटा किती, हे तिघांनी मागाहून आपसात भांडून ठरवावे. तोवर बाईला थांबवू नये."

निकाल तसाच लागला. तिघेही जबाबदार, भरपाई तिघांपैकी कुणाकडूनही पूर्ण वसूल करता येईल. बाहेर चिंचेखाली पारूबाई कुबड्या घेऊन बसली होती. मी तिला निकाल सांगितला.

"तिगं बी?" तिने विचारले.

"तिघंही."

"म्हंजे त्यो ड्रायव्हर एकला न्हवं," ती म्हणाली आणि कुबड्या घेऊन उठली.

बाकीचे दोघे अपिलात गेले. विश्वासरावांनी अपील केले नाही, रक्कम भरून टाकली, पण तात्यांच्या ओट्यावर पाऊल ठेवले नाही. काकी हळूहळू बोलू लागल्या, कामापुरते.

काही वर्षांनी तात्या गेले. कोर्टातून येऊन पाटावर बसले आणि तिथेच कलंडले. विश्वासराव आले आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसले. तिसऱ्या दिवशी पारूबाई आली, सर्व्हिस मोटारीने, एकटी. आत जाऊन, कुबड्या बाजूला ठेवून, काकींजवळ बसली. मी दारात होतो.

"माज्यापायी तुमच्या भावावर दावा झाला," ती म्हणाली. "तुमी माज्यावर रागवला असाल."

"तुमच्यावर कशाला?" काकी म्हणाल्या. "मी ह्यांच्यावर रागवले व्हते. इतकी वर्सं." मग म्हणाल्या, "आता कुनावर रागवायचं?"