गडग्यापलीकडचा 'व्हय म्हाराजा'

दत्ताराम आज टणटणीत आहेत, म्हणूनच त्यांची ही थट्टा करायची सोय आहे. एकवीस सालच्या मे महिन्यात मात्र ते काजूच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, एकटे पडले होते. कसालच्या बाजारातून येताना कोरोना घेऊन आले आणि घरातल्या कुणाला लागू नये म्हणून आपणच चटई उचलून तिकडे गेले. एवढा शहाणपणा त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा केल्याचं कुणाला आठवत नाही.

गावचं गाऱ्हाणं घालणारे ते. चाळीस वर्षं देवळात उभे राहून सगळ्यांसाठी मागायचे, आणि प्रत्येक मागण्यावर जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणायची. मांगरातही त्यांनी पहिल्याच सकाळी नारळ ठेवून सुरुवात केली. पण व्हय म्हणणार कोण? मग स्वतःच म्हणाले. एकट्याचा आवाज पुरेना, तेव्हा शेजारच्या शिवाच्या नाकातल्या आवाजात आणखी एकदा म्हणाले. देवाला काय कळत नाही? दत्तारामांनाच ओशाळल्यासारखं झालं. ताप उतरेना, डोळ्याला डोळा लागेना, आणि आपलं मागणं देवापर्यंत पोचतच नाही, आपण आता पुन्हा घर बघत नाही, अशी भीती मनात घर करून बसली.

पाचव्या दिवशी त्यांची बायको पार्वती पेज घेऊन गडग्याच्या पलीकडे उभी राहिली. दगडांच्या त्या कुंपणावर टोप ठेवून मागे सरली.

"गाराणा लागू पडणा नाय गो," दत्ताराम म्हणाले. "व्हय म्हणूक माणूस नाय."

"मी आसंय मगे. घाला तुम्ही."

त्यांनी घातलं. होड्यांना म्हावरं मागितलं, मुंबईच्या चाकरमान्यांना आरोग्य मागितलं, शिवाच्या म्हशीलासुद्धा वगळलं नाही. पार्वती व्हय म्हणत गेली. मग स्वतःची पाळी आली आणि गडी अडखळला. गावासाठी मागायची सवय. स्वतःसाठी काय म्हणायचं ते त्याला ठाऊकच नव्हतं.

"ऱ्हवा," पार्वती म्हणाली. "मी घालतंय."

"बायलमाणूस गाराणा घालता?"

"हय कोण बघता हा? तुम्ही फक्त व्हय म्हणा."

आणि तिने पदर खोचून सुरू केलं, अगदी त्यांच्याच चालीत.

"बा देवा म्हाराजा, हेंची तंबाकू सुटांदे रे म्हाराजा."

दत्तारामांनी इकडेतिकडे बघितलं. सुटका नव्हती. "व्हय म्हाराजा."

"हेंच्या सख्ख्या भावाशी धरलेलो अबोलो सुटांदे रे म्हाराजा."

हे जरा महाग पडलं. तरी म्हणाले, "व्हय म्हाराजा." देवापुढे घासाघीस कशी करणार?

"जेवणात मीठ कमी म्हणान ताट सरकवची खोड जाऊंदे रे म्हाराजा."

"पार्वती, गाराणा घालतंस काय सूड घेतंस?"

"व्हय म्हणा."

"व्हय म्हाराजा."

मग ती थांबली. आवाज खाली आला.

"आणि हेंका बरे करून घराक धाड रे म्हाराजा. माका एकटीक थंय घास जाणा नाय."

चाळीस वर्षांच्या संसारात हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. दत्तारामांचे डोळे वाहायला लागले; ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही आणि व्हय म्हणायचं राहूनच गेलं.

पार्वती पलीकडे हात जोडून उभीच होती.

"म्हणा मगे," ती म्हणाली. "तुम्हांका घराक येवचा आसा, ता देवाक कळाक नको?"